नागपूरचा माठ गार, मुंबईचा का नाही?

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यातली दुपार आहे. नागपुरात पारा ४३ अंशांवर, मुंबईत ३४ वर. दोन्हीकडच्या घरांत एकेक माठ आहे, एकाच कुंभाराच्या हातचा, सारख्याच मापाचा, सावलीत आणि वाऱ्याला ठेवलेला. आदल्या रात्री दोन्ही भरले. आता पेला बुडवला तर कुठलं पाणी जास्त गार लागेल? पटकन उत्तर येतं, मुंबईचं, कारण तिथं ऊन कमी. प्रत्यक्षात उलटं होतं. नागपूरच्या माठातलं पाणी २४-२५ अंशांपर्यंत उतरतं आणि मुंबईचं २९-३० वरच अडकून बसतं. नऊ अंश जास्त तापलेल्या गावात पाणी मात्र चार-पाच अंशांनी अधिक गार. असं का, हा आजचा प्रश्न आहे. याच्या उत्तरात कूलर येतो, फ्रिजमधल्या बाटलीवरचे थेंब येतात, आणि उन्हात माणसाचा जीव कशामुळे वाचतो तेही येतं.

आधी माठ कसा असतो ते पाहू. कुंभार माती मळताना तिच्यात राख, बारीक भुसा, घोड्याची लीद असं काहीबाही मिसळतो. यामुळे माती थापताना फाटत नाही, हा एक फायदा. दुसरा फायदा भट्टीत कळतो. आवा पेटला की हा भुसा, ही लीद जळून जाते आणि जिथं ती होती तिथं सूक्ष्म पोकळ्या राहतात. भट्टीच्या आंचेनं माती पक्की होते, पण चिनी मातीच्या बरणीसारखी काचेच्या लुकणानं बंद होत नाही. म्हणून पाणी या छिद्रांतून वाट काढत बाहेरच्या अंगाला येतं. माठ ओलसर लागतो तो यामुळेच. आपण म्हणतो, माठ पाझरतो.

आता हे बाहेर आलेलं पाणी हवेत उडून जातं, म्हणजे त्याची वाफ होते. त्यासाठी उकळी फुटावी लागत नाही. दोरीवरचं धोतर वाळतं तेव्हाही पाण्याची वाफच होत असते. मात्र वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती फुकट मिळत नाही. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. त्यांतला एखादा सुटून हवेत जायचा तर त्याला जोर लागतो. तो जोर तो मागे उरलेल्या पाण्यातून आणि माठाच्या अंगातून उचलतो. मागचं पाणी तेवढं गार पडतं. शाळेच्या पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हटलं आहे. अप्रकट अशासाठी, की इतकी उष्णता खर्च होऊनही वाफेचं तापमान वाढलेलं दिसत नाही.

किती उष्णता? एक ग्रॅम पाणी एक अंशानं गार करायचं तर त्यातून एक कॅलरी काढावी लागते. आणि ३० अंशांच्या आसपास एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उचलल्या जातात. म्हणजे एक ग्रॅम पाणी उडालं, तर ५८ ग्रॅम पाणी दहा अंशांनी उतरतं. दहा लिटरच्या माठाचा हिशेब याच पद्धतीनं करा. पाणी ३४ वरून २४ अंशांवर आणायचं तर सुमारे १७० मिलिलिटर पाणी उडालं की पुरे, एक पेलाभर म्हणा. प्रत्यक्षात याहून जास्त लागतं, कारण गार होत असलेल्या माठाला भोवतालची तापलेली हवा सतत उष्णता देत राहते. म्हणून दुपारभरात माठातली पातळी उतरलेली दिसते. घरात कोणी न पिताही माठ रिकामा होतो, त्याचं कारण हेच.

इथपर्यंत दोन्ही माठ सारखे. फरक पडतो तो हवेमुळे.

हवेत पाण्याची वाफ मावायला एक मर्यादा असते, आणि हवा जितकी तापलेली तितकी ती मर्यादा मोठी. ३४ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. ४३ अंशांच्या हवेत मावते ५९ ग्रॅम. आता मुंबईत मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता ६५ टक्के धरा. म्हणजे ३७ पैकी २४ ग्रॅम वाफ समुद्रानं आधीच भरून ठेवली आहे, जागा उरली १३ ग्रॅमची. नागपुरात त्याच वेळी आर्द्रता १५ टक्के असते. ५९ पैकी फक्त ९ ग्रॅम भरलेले, पन्नास ग्रॅमची जागा मोकळी. मुंबईची हवा पाणी पिऊन आलेली, नागपूरची हवा तहानलेली. माठाच्या अंगावरचं पाणी कुठं झपाट्यानं उडेल ते यावरून कळतं.

पण एक प्रश्न उरतो, आणि तो विचारलाच पाहिजे. नागपूरच्या माठातलं पाणी उडतच राहतं, तर ते गार होत होत बर्फ का होत नाही? कारण माठ जसजसा गार होतो तसतसं दोन गोष्टी घडतात. गार पाणी कमी वेगानं उडतं. आणि माठ व हवा यांच्या तापमानातलं अंतर वाढलं की हवेतून माठात शिरणारी उष्णताही वाढते. एका ठिकाणी जमा आणि खर्च यांची बरोबरी होते आणि पारा तिथं थांबतो. हवामानशास्त्रात या तापमानाला वेट बल्ब तापमान म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी ओल्या फडक्याचं तापमान म्हणू. कोरड्या हवेत हे तापमान खूप खाली असतं, दमट हवेत हवेच्या तापमानाला जवळजवळ चिकटलेलं असतं. आपल्या उदाहरणात नागपूरला ते २२ अंश येतं, मुंबईला २८. माठ या रेषेच्या खाली कधीही जात नाही. चांगला माठ तिच्या एक ते तीन अंश वर थांबतो, आणि तुमचा माठ किती चांगला आहे हे ठरवायची हीच खरी कसोटी आहे.

हे घरी मोजता येतं. प्रयोगशाळेत वापरतात तसे लाल द्रवाचे दोन साधे तापमापक घ्या. शाळेचं साहित्य मिळतं त्या दुकानात मिळतात. तापाचा थर्मामीटर इथं चालत नाही, तो ३५ अंशांच्या खाली दाखवतच नाही. एका तापमापकाच्या फुग्याला जुन्या सुती धोतराची किंवा मलमलीची पट्टी एकच पदर गुंडाळा, दोऱ्यानं बांधा आणि माठातल्याच पाण्यात भिजवा. दुसरा कोरडा ठेवा. दोन्ही सावलीत टांगून समोर पंखा लावा. पाच-सात मिनिटांत ओल्या तापमापकाचा पारा उतरत उतरत एका जागी थांबेल. तो आकडा लिहून घ्या. मग माठातल्या पाण्यात तापमापक बुडवून बघा. इथं नेहमी होणाऱ्या चुका दोन. फडकं जाड असलं किंवा मध्येच वाळलं तर आकडा जास्त येतो. आणि पंखा न लावता मोजलं तरी जास्त येतो, कारण फडक्याभोवती त्याच्याच वाफेची दमट हवा साचून राहते.

हीच दुसरी चूक आपण माठाच्या बाबतीत रोज करतो. माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, ओट्याखाली, भिंतीला टेकवून ठेवला जातो. भोवतालची हवा हलत नाही, माठाभोवती वाफेचा थर बसतो आणि पाणी उडायचं थांबतं. वर शेगडीची धग. माठाला खिडकी आणि दार यांच्यामधली, वारा वाहणारी, पण ऊन न येणारी जागा लागते. तो तिवईवर किंवा घडवंचीवर ठेवावा, म्हणजे बुडालाही हवा लागते. फरशीवर ठेवायचाच असेल तर खाली परातीत ओली वाळू घाला. वाळूतलं पाणीही उडतं आणि बूड गार ठेवतं. माठाला ओलं सुती फडकं गुंडाळण्याची जुनी रीत योग्यच आहे, मात्र ते फडकं ओलं राहिलं पाहिजे. वाळलेलं फडकं म्हणजे माठाला घातलेली गोधडी. पातळ कापड घ्या. गोणपाट चालतं, टॉवेल नको.

आणि माठ भरण्याची वेळ. विदर्भात, मराठवाड्यात दुपारी चार वाजता गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. तेच माठात ओतलं तर सगळं पाणी पुन्हा पहिल्यापासून गार व्हायला बसतं, त्यात रात्र उजाडते. माठ रात्री झोपताना किंवा पहाटे भरावा. घरात माणसं जास्त असतील तर एक मोठा माठ घेण्यापेक्षा दोन मध्यम बरे, एक पिता येईल तोवर दुसरा गार होतो. शिवाय लहान भांड्याला पाण्याच्या मानानं अंग जास्त असतं, त्यामुळे ते लवकर गार पडतं. सुरईचं पाणी चटकन गार होतं ते यामुळे.

माठ विकत घेताना बोटानं टिचकी मारून आवाज ऐकतात. खणखणीत आला तर माठ चांगला भाजला आहे आणि त्याला चीर नाही, बद्द आला तर कुठंतरी भेग आहे. एवढ्यावर थांबू नका. बाहेरून रंग दिलेला आहे का ते बघा. नक्षीचे, चकचकीत ऑइल पेंटचे, वार्निश मारलेले माठ दिसायला सुरेख असतात, पण रंगानं छिद्रं बुजतात आणि असा माठ स्टीलच्या पिंपाइतकाच निरुपयोगी होतो. ओल्या बोटाचा ठसा माठावर उमटवून बघा. ओल झटकन शोषली गेली तर माठ कामाचा. ओल वर तशीच चमकत राहिली तर पुढच्या दुकानात चला. काळा की लाल, यावरून भांडणं होतात. सावलीत ठेवलेल्या माठाच्या गारव्याचा रंगाशी संबंध नाही, तो पाझरतो किती यावर सगळं आहे.

नवा माठ आणला की पाण्यानं भरून रात्रभर ठेवा, ते पाणी झाडांना घाला, असं दोन-तीनदा करा. मातीचा वास आणि सुटी माती निघून जाते. काही माठ सुरुवातीला खाली तळं करतात. याला पाझरणं म्हणत नाहीत, याला गळणं म्हणतात, आणि गळालेल्या पाण्यानं गारवा येत नाही. थेंब बनून खाली पडलेलं पाणी आपल्याबरोबर उष्णता घेऊन वाफ होत नाही, ते नुसतंच जातं. हे लक्षात ठेवा, पुढे घामाच्या वेळी पुन्हा लागणार आहे.

एक-दोन उन्हाळे गेले की माठ पूर्वीसारखा गार करत नाही, अशी तक्रार असते. ती खरी असते. बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातं पण क्षार उडत नाहीत. ते छिद्रांच्या तोंडाशी बसतात आणि माठाच्या अंगावर पांढरा थर चढतो. माठाला लोणा लागला म्हणतात तो हाच. आतून शेवाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर साचतो, तोही छिद्रं बुजवतो. उपाय असा: आठवड्यातून एकदा माठ रिकामा करून नारळाच्या काथ्यानं आतून-बाहेरून घासावा आणि उन्हात पूर्ण वाळवावा. साबण किंवा भांड्याची पावडर वापरू नये. माती ती शोषून घेते आणि पुढे पाण्याला तिची चव येते. पांढऱ्या थरावर बाहेरून लिंबाची फोड चोळून, जरा वेळानं भरपूर पाण्यानं धुतलं तर थर सुटतो. फार जुना माठ मात्र पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. त्याच्या भिंतीच्या पोटात क्षार बसलेले असतात, तिथं काथ्या पोचत नाही. तो बदलावा आणि जुन्यात तुळस लावावी.

आता कूलर. कूलर म्हणजे पंखा जोडलेला माठ. वाळ्याच्या किंवा भुश्श्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपतं, त्यांतून पंखा हवा ओढतो, पाणी उडतं आणि हवा गार होते. ओल्या फडक्याच्या रेषेपर्यंत तोही जात नाही. साधारण पाऊण वाट चालतो. नागपूरचे ४३ आणि ओल्या फडक्याचे २२, मधलं अंतर २१ अंश, त्याचा पाऊण हिस्सा म्हणजे सोळा. कूलरमधून २७ अंशांची हवा येते. हा फार मोठा फरक आहे. मुंबईत मधलं अंतरच सहा अंशांचं, त्यामुळे ३४ ची हवा तीसवर येते आणि वर दमट होऊन येते. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत कूलर का चालत नाहीत, याचं उत्तर एवढंच आहे. यंत्रात खोट नसते.

नागपूरकरांनीही एक चूक टाळावी. खोली थंड राहावी म्हणून दारं-खिडक्या बंद करून कूलर लावतात. ही सवय एसीची आहे. एसी तीच हवा फिरवतो, कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि तिच्यात पाणी घालतो. ती हवा बाहेर जायला वाट नसली तर तासाभरात खोलीची मुंबई होते. अंथरूण ओलसर लागतं आणि गारवा संपतो. कूलर खिडकीत, तोंड आत, आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडं, अशी मांडणी हवी. ताट्या कुठे कोरड्या राहत असतील तर तिथून गरम हवा सरळ आत येते, म्हणून पाणी सगळीकडे सारखं झिरपतं का ते बघावं. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवावी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशा साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली असतात, म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही, कडा घासाव्या लागतात.

हेच तत्त्व भाजीपाल्याला लावता येतं. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९० च्या दशकात गावोगावी माठात माठ पोचवले. एक मोठा माठ, आत एक लहान, मधल्या फटीत ओली वाळू, आतल्या माठात भाजी आणि तोंडावर ओलं फडकं. या कामासाठी त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं त्याआधी १९८० च्या दशकात शेतकऱ्यांसाठी विटांचा शीतकक्ष तयार केला होता. तो बांधायला सोपा आहे. विटांची दुहेरी भिंत, दोन भिंतींच्या मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, तिच्यात नदीची वाळू. विटांचा तळ १६५ सेंटिमीटर लांब, ११५ रुंद, भिंतींची उंची ६७ च्या आसपास. वाळू आणि विटा सकाळ-संध्याकाळ भिजवायच्या, वर गवताचं छप्पर घालून सावली करायची. पालेभाजी, टोमॅटो, लिंबं यात काही दिवस जास्त टिकतात. कांदा आणि लसूण मात्र यात ठेवू नका. त्यांना कोरडी हवा लागते, दमट जागेत ते कोंब धरतात आणि सडतात.

आता हीच गोष्ट उलटी होते तेव्हा काय होतं ते बघा. फ्रिजमधून बाटली काढून टेबलावर ठेवली की तिच्या अंगावर थेंब जमतात. बाटली पाझरत नाही, काच पाझरू शकत नाही. हवेतली वाफ गार काचेला लागून पुन्हा पाणी होते. वाफ होताना उचललेली ५८० कॅलरी उष्णता पाणी होताना ती परत टाकते, बाटलीवरच. दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम पाणी बाटलीवर जमलं, तर तेवढ्यानं आतलं एक लिटर पाणी जवळपास सहा अंशांनी तापू शकतं. म्हणून मुंबईत थंड बाटली बघता बघता कोमट होते. नागपूरच्या मे महिन्यात बाटलीवर थेंब फारसे धरतच नाहीत. दमट गावात बाटलीला कोरडं फडकं किंवा कापडी पिशवी घाला. वाफेला गार काच सापडत नाही, बाटली जास्त वेळ थंड राहते. माठाला ओलं फडकं, बाटलीला कोरडं.

आता माणसाकडे येऊ. आपलं शरीरही एक पाझरणारा माठच आहे. त्वचेवर आलेला घाम उडाला की लिटरमागे सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा शरीराहून गरम झाली, म्हणजे ३७ अंशांच्या वर गेली, की उष्णता बाहेर टाकण्याचा हा एकच मार्ग उरतो. मुंबईत घाम उडत नाही, ओघळतो. ओघळलेला घाम हे गळणाऱ्या माठाचं पाणी आहे. पाणी गेलं, मीठ गेलं, गारवा काही मिळाला नाही. म्हणून ३४ अंशांतही तिथं जीव कासावीस होतो. अशा वेळी पंखा खरोखर उपयोगी पडतो, तो अंगाभोवतीची दमट हवा हटवतो.

नागपूर, चंद्रपूर, अकोला इथला धोका वेगळा आहे आणि तो दिसत नाही. तिथं घाम येताक्षणी उडून जातो, सदरा कोरडा राहतो, आणि आपल्याला घामच येत नाही असं वाटतं. संध्याकाळी सदऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे दिसतात तेव्हा कळतं किती गेला. उन्हात काम करणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. त्यामुळे तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं. घाम खूप गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट घ्यावं. मीठ अंदाजानं वाढवू नका, जास्त झालं तर अपाय होतो. आणि हवा ४० अंशांच्या वर असेल तेव्हा कोरड्या अंगावर नुसता पंखा लावून बसू नये. जागतिक आरोग्य संघटनेचा हाच सल्ला आहे, कारण तो पंखा भट्टीची हवा अंगावर फेकतो. अंग ओलं करा, ओलं उपरणं खांद्यावर घ्या, मग पंखा लावा.

उन्हात कोणी बरळू लागलं, तोल जाऊ लागला, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत माणसाला सावलीत न्या, अंगावरचे जादा कपडे काढा, साध्या पाण्यानं सगळं अंग भिजवत राहा आणि हाताशी असेल त्यानं वारा घाला, पुठ्ठा असो की सूप. कोरडा वारा आणि नुसतं भिजवणं, दोन्ही अपुरी. पाणी आणि वारा एकत्र लागतात. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

ओल्या फडक्याचं तापमान ३५ अंशांवर गेलं तर निरोगी माणूस सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊनही जगू शकत नाही, असा हिशेब २०१० साली शास्त्रज्ञांनी मांडला, कारण मग घाम उडूनही त्वचा पुरेशी गार होत नाही. नंतर तरुण, धडधाकट लोकांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की दमट हवेत शरीराचं नियंत्रण ३०-३१ अंशांनाच सुटू लागतं. मुंबईचा मघाचा आकडा २८ होता. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी नुसतं हवेचं तापमान ऐकून निश्चिंत होऊ नये, सोबतची आर्द्रताही ऐकावी.

जूनमध्ये विदर्भात एक दिवस असा येतो की पाऊस अजून पडलेला नसतो, पारा ४२ वरून ३८ वर आलेला असतो, आणि तरी माठातलं पाणी आदल्या दिवसापेक्षा कोमट लागतं. माठ बिघडलेला नसतो. समुद्रावरची दमट हवा पोचलेली असते. दोन तापमापक टांगलेले असतील तर त्यांचे पारे एकमेकांकडे सरकताना दिसतील. पाऊस लागला की माठ रिकामा करा, काथ्यानं घासा, आणि ऊन पडेल त्या दिवशी खणखणीत वाळवून मगच पालथा घालून ठेवा. ओला ठेवलात तर आत बुरशी धरते, आणि तो वास पुढच्या मार्चमध्येही जात नाही.

नमस्कार.